भयखेळातील टंचाई आणि निर्मितीचे अर्थकारण

साहित्यकृतीच्या रूपाची चिकित्सा करताना तिच्या निर्मितीस किती खर्च आला हे विचारण्याची प्रथा मराठी समीक्षेत नाही, आणि ती नसण्यास सबळ कारणही आहे. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या भयकथेतील वाडा आठ खोल्यांचा असो वा ऐंशी खोल्यांचा, छापखान्याच्या हिशेबात त्यामुळे काही फरक पडत नाही. लेखकाने माजघराचे दार करकरले असे लिहिले की दार तयार होते आणि ते करकरतेही. चित्रपटात ही स्थिती बदलते, आणि व्हिडिओ गेम या प्रकारात तर ती पार उलटी होते. तेथे दाराचा आकार कोणीतरी घडवावा लागतो, त्यावर लाकडाचा पोत चढवावा लागतो, ते उघडण्याची गती ठरवावी लागते, त्याचा आवाज मुद्रित करावा लागतो. आणि खेळाडू ते कोणत्या क्षणी व कोणत्या बाजूने उघडील हे आधी ठाऊक नसल्यामुळे या साऱ्या शक्यता तपासून पाहाव्या लागतात. ही कामे करणारी माणसे मासिक वेतनावर असतात. त्यामुळे तेथील प्रत्येक खोलीला, प्रत्येक प्रेताला आणि प्रत्येक सावलीला किंमत पडलेली असते. अशा कलाप्रकाराची समीक्षा अर्थकारण वगळून करणे म्हणजे शिल्पाची समीक्षा दगड वगळून करण्यासारखे आहे.

'सर्व्हायव्हल हॉरर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीत हा संबंध विशेष निकटचा आहे. (पुढील विवेचनात सोयीसाठी त्यांस 'भयखेळ' असे म्हटले आहे.) याचे कारण असे की, या प्रकाराचा प्राण भूतपिशाच्चांत नसून टंचाईत आहे. भयखेळाचा नायक भित्रा असेलच असे नाही, परंतु तो सुसज्ज मात्र कधीच नसतो. त्याच्यापाशी मोजक्या गोळ्या असतात, औषध पुरेसे नसते, दिव्यातील तेल संपत आलेले असते. समोरच्या प्राण्यास मारावे की त्यास चुकवून निघून जावे, हा येथे पराक्रमाचा प्रश्न नसून हिशेबाचा प्रश्न असतो. प्रेतांनी भरलेला पण गोळ्यांचीही रेलचेल असलेला खेळ बीभत्स होईल, अद्भुत होईल, क्वचित हास्यकारकही होईल. भयानक होणार नाही.

खेळाच्या आतील या टंचाईचा खेळ घडविणाऱ्यांच्या टंचाईशी संबंध कोणता, याविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. दारिद्र्य कल्पकतेस जन्म देते, हे एक. भांडवल कलेचा नाश करते, हे दुसरे. वस्तुतः ही एकाच मताची दोन तोंडे आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. भयखेळांचा इतिहास बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, भयाची मात्रा खर्चाच्या रकमेवर ठरत नाही. तो खर्च भरून येण्यास किती ग्राहक लागतात आणि ते किती दिवसांत मिळावे लागतात, यावर ती ठरते.

प्रथम रसव्यवस्थेच्या दृष्टीने एक अडचण नोंदविणे अगत्याचे आहे. भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांत विकृत आवाज, घुबडे आणि कोल्हे, ओसाड घर व अरण्य यांचा समावेश आहे. आणि भयखेळ रचणाऱ्या कोणाही कारागिराची सामग्री याहून फारशी निराळी नसते. परंतु नाट्यातील भयाचा आस्वाद घेणारा प्रेक्षक स्वतः काही गमावीत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे एक विघ्न आहे. भयखेळाचा सारा डोलारा उभा आहे तो नेमका याच विघ्नावर. खेळाडूस वाटणारी भीती ही केवळ पात्राच्या मरणाची नसते. गेल्या तासाभरात केलेले श्रम वाया जातील अशी ती स्वतःच्या पदरची, अगदी लौकिक भीती असते. ही लौकिक भीती आणि ओसाड घराच्या दर्शनाने जागी होणारी अलौकिक भीती यांची सांगड घालणे हे या प्रकारातील खरे रचनाकौशल्य होय. पहिली प्रबळ झाली की खेळ त्रासदायक होतो, आणि ती नाहीशी झाली की उरतो तो नुसता देखावा.

ही सांगड प्रथम पक्की बसली ती जपानमध्ये. १९८९ साली कॅपकॉम या कंपनीने फॅमिकॉम यंत्रासाठी 'स्वीट होम' हा खेळ काढला. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर तो आधारलेला होता आणि त्याचे दिग्दर्शन तोकुरो फुजिवारा यांनी केले होते. त्याचीच नवी आवृत्ती करावी या कल्पनेतून शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली 'रेसिडेंट ईव्हिल' तयार झाला आणि मार्च १९९६ मध्ये तो प्लेस्टेशन यंत्रावर आला. जपानमध्ये त्याचे नाव 'बायोहॅझर्ड' असे आहे. त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी दोन मेगाबाइट होती. एवढ्याशा जागेत संपूर्ण वाडा त्रिमितीत आणि तपशिलासह उभा करणे शक्य नव्हते. यावरील उपाय फ्रेडरिक रेनाल यांच्या 'अलोन इन द डार्क' (१९९२) या फ्रेंच खेळाने आधीच दाखवून दिला होता : पार्श्वभूमी अगोदर चित्रित करून स्थिर ठेवावयाची आणि हलती पात्रे तेवढी त्रिमितीत घडवावयाची. पार्श्वभूमी स्थिर म्हणून कॅमेराही स्थिर. कॅमेरा स्थिर म्हणून बोळाच्या वळणापलीकडे काय आहे ते खेळाडूस दिसत नाही, फक्त तेथून येणारा पाय ओढल्याचा आवाज ऐकू येतो. एका खोलीतून दुसरीत जाताना तबकडीवरील माहिती वाचण्यास यंत्रास वेळ लागे. तो वेळ झाकण्यासाठी काळ्याभोर पडद्यावर एक दार सावकाश उघडत असल्याचे दृश्य घातले गेले, आणि ते दृश्यच या मालिकेतील भयाची ओळख होऊन बसले.

येथवर जे वर्णिले ती यंत्राने लादलेली टंचाई होय. परंतु 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये दुसरीही एक टंचाई आहे, आणि ती कोणी लादलेली नाही, जाणूनबुजून रचलेली आहे. क्रिस या पात्रास वस्तू बाळगण्यास सहा जागा मिळतात, जिल हिला आठ. बंदूक एक जागा घेते, गोळ्या दुसरी, वनौषधी तिसरी, किल्ली चौथी. झालेल्या प्रगतीची नोंद करावयाची तर ती टंकलेखन यंत्रावरच करावी लागते आणि दर खेपेस शाईच्या फितीचा एक नग खर्ची पडतो. त्या फितीही मोजक्याच, आणि त्यांनाही जागा लागतेच. म्हणजे सुरक्षितता हीच येथे एक दुर्मीळ वस्तू करून ठेवली आहे. ज्या मोजक्या खोल्यांत हे टंकलेखन यंत्र आणि सामान ठेवण्याची पेटी असते तेथे शत्रू येत नाहीत, संगीतही मंद व शांत होते. मर्ढेकरांनी लयीच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही जी तत्त्वे मांडली, त्यांचे इतके स्वच्छ उदाहरण अशा अनपेक्षित ठिकाणी सापडावे ही गंमतच म्हणावयाची. बोळातील ताण आणि खोलीतील विसावा यांचा विरोध, आणि शिल्लक गोळ्यांच्या आकड्याने राखलेला दोहोंचा समतोल, अशी ही लय आहे.

तीन वर्षांनी, १९९९ साली, कोनामी या कंपनीचा 'सायलेंट हिल' आला. केइचिरो तोयामा यांच्या या खेळात कॅमेरा हलता होता, त्यामुळे स्थिर चित्रांचा आधार उरला नव्हता. आणि सबंध गावाचे रस्ते दूरवर रेखाटण्याची ताकद तर यंत्रात नव्हती. गाव धुक्यात बुडविण्यात आले. काही पावलांपलीकडचे काहीच दिसत नाही, मात्र खिशातील रेडिओ खरखरू लागला की काहीतरी जवळ आले आहे हे कळते. पुढील काळात यंत्रे कितीतरी सुधारली, तरी या मालिकेने धुके सोडले नाही. लादलेली टंचाई कलाकाराने स्वखुशीने पत्करली की ती शैली होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

परंतु येथेच या प्रकाराच्या पुढील संकटाचे बीजही आहे. नव्वदीच्या दशकात लादलेली आणि रचलेली अशा दोन्ही टंचाया एकमेकींना आधार देत होत्या. यंत्रे सुधारली तशी पहिली आपोआप गेली. राहिली ती दुसरी, आणि ती केवळ निर्मात्याच्या निश्चयावर तगून राहावयाची. निश्चयाची कसोटी नेहमी हिशेबाच्या वहीत लागते. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या मूळ आवृत्तीच्या सुमारे साडेसत्तावीस लाख प्रती खपल्या होत्या, १९९८ च्या दुसऱ्या भागाच्या सुमारे ४९ लाख ६० हजार. २००२ साली पहिल्याच खेळाची नव्याने घडविलेली आवृत्ती गेमक्यूब यंत्रावर आली. पूर्वीच्या भयाला तिने अधिक कठोर शिस्त लावली. मारलेले प्रेत जाळले नाही तर ते पुढे अधिक हिंस्र होऊन उठते, आणि जाळण्याचे तेलही मोजून मापूनच मिळते. ती खपली सुमारे साडेतेरा लाख. गेमक्यूब हे तुलनेने कमी घरांत पोचलेले यंत्र होते, तेव्हा हा सारा दोष शिस्तीच्या माथी मारणे न्याय्य नाही. तथापि या खपाचा आपल्या पुढील निर्णयावर परिणाम झाल्याचे मिकामी यांनी नंतर सांगितले आहे, आणि २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये तो परिणाम उघड दिसतो.

'रेसिडेंट ईव्हिल ४' हा श्रेष्ठ खेळ आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र त्यातील अर्थव्यवस्था पालटलेली आहे. पडलेला शत्रू गोळ्या टाकून जातो, पैसे टाकून जातो; ते पैसे घेऊन हत्यारे विकणारा एक व्यापारी जागोजागी उभा असतो. शिवाय खेळाडू किती कुशलतेने खेळत आहे हे पाहून खेळ स्वतःच काठिण्य कमीअधिक करतो. म्हणजे टंचाईचा भास आहे, परंतु प्रत्यक्ष उपासमार होऊ न देण्याची काळजी पडद्याआड कोणीतरी वाहते आहे. पूर्वी शत्रूस मारणे हा खर्च होता, आता ते उत्पन्नाचे साधन झाले. हा बदल वरवर लहान दिसतो, पण भयखेळ आणि युद्धखेळ यांच्यामधील सीमारेषा नेमकी येथून जाते. या वाटेने गेलेल्या सहाव्या भागासाठी (२०१२) सहाशेहून अधिक माणसे राबली असे सांगण्यात आले होते. कंपनीची अपेक्षा सत्तर लाख प्रतींची होती. मार्च २०१३ पर्यंत सुमारे ४९ लाख गेल्या. एके काळी दुसऱ्या भागाचे वैभव ठरलेला आकडा आता निराशेचा आकडा झाला.

याहून बोधक प्रकरण अमेरिकेतील 'डेड स्पेस'चे आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकाच्या कॅलिफोर्नियातील स्टुडिओने, जो पुढे व्हिसरल गेम्स म्हणून ओळखला गेला, २००८ साली हा खेळ काढला. मोडक्या अंतराळयानात अडकलेला एक यंत्रदुरुस्ती करणारा अभियंता आणि त्याची हत्यारेही बहुतांशी खाणकामाची अवजारे, ही कल्पनाच टंचाईच्या तत्त्वाशी इमान राखणारी होती. २०११ मध्ये दुसरा भाग आला. त्यावर काम केलेल्या एका रचनाकाराने २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे त्याच्या निर्मितीस सहा कोटी डॉलर आणि जाहिरातीस जवळजवळ तितकेच डॉलर लागले. चाळीस लाख प्रती खपल्या आणि तरीही ते पुरेसे ठरले नाही. २०१२ मध्ये, तिसरा भाग तयार होत असताना, प्रकाशकाच्या वतीने फ्रँक गिब्यू यांनी असे म्हटले की, या मालिकेत गुंतवणूक चालू ठेवावयाची तर सुमारे पन्नास लाखांचा ग्राहकवर्ग मिळाला पाहिजे.

हे विधान लोभीपणाचे म्हणून धिक्कारणे सोपे आहे. पण ते हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच होते, आणि खरी शोकांतिका तेथेच आहे. भयानक रसाला पन्नास लाख रसिक एका हंगामात मिळणे कठीण. मनोरंजनासाठी पैसे देऊन घाबरून घेण्याची हौस सर्वांना नसते. जे येत नाहीत त्यांना आणावयाचे तर भय सौम्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मधील 'डेड स्पेस ३' मध्ये म्हणून दुसरा खेळाडू सोबतीस घेण्याची सोय आली, आणि सोबत मिळाली की अंधाराचे निम्मे बळ सरते, हे रात्री परसात जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. सर्व हत्यारांस एकाच जातीच्या गोळ्या चालू लागल्या. कोणती गोळी कोणत्या प्रसंगासाठी राखावी हा प्रश्नच मिटला. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे हत्यारे घडविण्यास लागणारी सामग्री खऱ्या पैशांनी विकत घेण्याची मुभा देण्यात आली.

या शेवटच्या गोष्टीचा विचार थोडा थांबून केला पाहिजे. ज्या प्रकारात टंचाई हेच भयाचे द्रव्य आहे, त्यात टंचाईवरील उतारा दुकानात मांडला की कलाकृती स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागते. खेळाडूने तो उतारा विकत घेतला नाही तरी परिणाम चुकत नाही. कारण यापुढे प्रत्येक अडचणीच्या क्षणी त्याच्या मनात संशय येतो की, ही टंचाई भय निर्माण करण्यासाठी रचली आहे की विक्री वाढविण्यासाठी? रसास्वादातील विघ्न म्हणतात ते हेच. वर ज्या लौकिक भीतीचा उल्लेख केला ती खेळाच्या हद्दीतली होती. आता बाजार स्वतःच त्या हद्दीत शिरला. एवढे करूनही खप अपेक्षेहून कमी झाला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये स्टुडिओ बंद करण्यात आला. २०२३ मध्ये दुसऱ्या स्टुडिओने पहिल्या भागाची जी नवी आवृत्ती काढली ती एकट्याने खेळावयाची आहे, आणि प्रत्येक हत्याराची गोळी तीत पुन्हा वेगळी झाली आहे.

याच्या अगदी उलट टोकाला 'अम्नेशिया : द डार्क डिसेंट' उभा आहे. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्सच्या पाचएक जणांच्या गटाने तो सप्टेंबर २०१० मध्ये काढला आणि त्याचा खर्च त्यांनी सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर सांगितला. या खेळात हत्यार नाहीच. लढाई नसली की तिच्यासाठी लागणाऱ्या असंख्य हालचाली, शत्रूंची बुद्धी, हत्यारांचा परस्पर तोल हे सारे घडविण्याचा खर्च वाचतो. पण तो खर्च वाचविण्यासाठीच हत्यार काढले असे समजणे चुकीचे होईल. त्याच गटाच्या पूर्वीच्या 'पेनम्ब्रा' मालिकेतील पहिल्या खेळात (२००७) मारामारी होती व ती ओबडधोबड होती. पुढील भागातून ती वगळल्यावर खेळ अधिक भयप्रद झाला, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 'अम्नेशिया'त अंधारात उभे राहिले तर नायकाची बुद्धी ढळू लागते, आणि उजेडात उभे राहिले तर राक्षसास तो दिसतो. कंदिलाचे तेल आणि काडेपेट्या मोजक्याच. राक्षसाकडे पाहिले तरीही मन ढळते, म्हणून खेळाडू मान फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. येथे पाहणे हाही खर्च आहे. यात एक व्यावहारिक लाभही दडलेला आहे, कारण ज्याच्याकडे कोणी नीट पाहू धजत नाही तो राक्षस फार तपशिलाने घडवावा लागत नाही. दोन वर्षांत, स्वस्तात विकलेल्या संचांतील प्रती धरून, दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. याच तर्काची पुढची पायरी म्हणजे स्कॉट कॉथन यांनी २०१४ मध्ये एकट्याने केलेला 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज'. पहारेकरी खुर्चीतून हलत नाही, कॅमेऱ्यांतून दिसणारी बरीचशी चित्रे स्थिरच आहेत, आणि सारी टंचाई एका आकड्यात साठवली आहे : पहाटेपर्यंत पुरवावयाची वीज.

मात्र यावरून दारिद्र्याचे स्तोत्र गाणे योग्य नव्हे. ३ लाख ६० हजारांत खेळ होतो याचा अर्थ कोणीतरी आपले श्रम स्वस्तात दिले असाही असू शकतो, आणि यश मिळाले म्हणूनच हा हिशेब आज कौतुकाने सांगितला जातो. अंधारात राहिलेल्या असंख्य लहान खेळांची वही कोणी उघडीत नाही. दुसरे असे की, भयखेळाची काही सुखे श्रीमंतीवाचून मिळत नाहीत. क्रिएटिव्ह असेंब्लीच्या 'एलियन : आयसोलेशन' (२०१४) मधील श्वापद ठरलेल्या वाटेने येत नाही, ते शोधीत येते, आवाजाच्या दिशेने वळते. हे वर्तन घडविण्यास पैसा आणि कसबी माणसे दोन्ही लागतात. तो खेळ मार्च २०१५ पर्यंत एकवीस लाखांवर गेला, तरी प्रकाशक सेगाच्या लेखी हा आकडा कमीच ठरला.

तेव्हा प्रश्न पुन्हा कालावधीचा येतो. जानेवारी २०१७ मध्ये कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल ७' आणला. सहाव्या भागाचा पसारा टाकून देऊन त्याने लुइझियानातील एका कुजक्या घरात, एकट्या माणसाच्या डोळ्यांतून, जुनी टंचाई परत मांडली. मार्च २०१७ पर्यंतची अपेक्षा चाळीस लाखांची होती, गेल्या पस्तीस लाख. जुन्या मापाने हेही अपयशच. परंतु आता प्रती दुकानाच्या फळीवरून न उतरता यंत्रातूनच विकल्या जात होत्या. किंमत वर्षागणिक कमी करीत खेळ विक्रीस ठेवता येत होता. आणि त्यासाठी घडविलेली तांत्रिक चौकट पुढील अनेक खेळांस वापरता येणार असल्याने तिचा भार एकट्या या खेळावर नव्हता. २०२१ मध्ये खपाने एक कोटीचा टप्पा ओलांडला. भयानक रसाचे रसिक कमी असतात असे नाही. ते सावकाश येतात. त्यांची वाट पाहण्याइतकी सवड हिशेबात आली तेव्हा भयाला पुन्हा जागा मिळाली.

तरीही ही जागा निर्विवाद नाही. 'रेसिडेंट ईव्हिल ७' मध्ये साधारण पातळीवर खेळणाऱ्यास प्रगतीची नोंद हवी तितक्या वेळा करता येते. 'मॅडहाऊस' नावाची एक कठीण पातळी आहे. तीत मात्र प्रत्येक नोंदीस ध्वनिफितीची एक कॅसेट खर्ची घालावी लागते, १९९६ च्या शाईच्या फितीप्रमाणेच. म्हणजे एकाच किमतीत, एकाच घरात, दोन अर्थव्यवस्था नांदतात : एक बहुसंख्यांसाठी, एक मागून घेणाऱ्यांसाठी. भिंती त्याच, दारे तीच, संवादही तेच; परंतु एकात पुढचे दार उघडताना केवळ कुतूहल असते आणि दुसऱ्यात हातातली शेवटची कॅसेट मोजली जाते. या दोहोंस एकच कलाकृती म्हणावयाचे की दोन, याचा निर्णय रूपाची चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने अद्याप केलेला नाही.